पबच्या दारातली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, लोळत नव्हे, सरळ बसून ऐका. आमच्या पिढीला ढिलेपणा खपत नाही.

लोहाराने मला भट्टीतून काढून ऐरणीवर वाकवले आणि शेवटचा टोला देताना बजावले, "एकदा धरलंस की सोडायचं नाही." ते शब्द माझ्या अंगात मुरले. एका पबच्या दाराबाहेर, गुडघ्याइतक्या उंचीवर, मला भिंतीत ठोकण्यात आले. आधी माझ्याशी मालवाहू घोडागाड्यांचे घोडे बांधले जात. "कडी असावी तर अशी!" असे गाडीवान म्हणत. मला ते ऐकायला आवडे. खोटे कशाला बोलू?

पुढे घोडे गेले आणि गिऱ्हाइकांची कुत्री आली. पबच्या मालकीणबाईंनी दारावर पाटी लावली होती, 'कुत्र्यांना आत प्रवेश नाही.' त्याला कारण होते. आत टेबलांवर वाढण्याचे काम त्यांची नणंद करी. लहानपणी तिच्या पोटरीला कुत्रा चावला होता. हातात गरम सुपाचे तबक आणि पायाशी कुत्रा, या नुसत्या कल्पनेने तिला घाम फुटे.

त्यामुळे माणसे आत आणि कुत्री माझ्यापाशी. मित्रांनो, मला क्षणाची उसंत नसे. दार उघडले की साखळी ताणली जाई, दार मिटले की सैल पडे. कुत्र्यांची घालमेल साखळीच्या दुव्यादुव्यातून माझ्यात उतरे. मला तेलाचे बोट लावावे, हे मात्र कुणाला सुचले नाही. माझ्या मुळाशी गंज चढला, भोवतीचा चुना भुसभुशीत झाला.

सर्वांत जास्त तगमग काजळीची. ही म्हातारी काळी कुत्री एका निवृत्त घड्याळजींची. त्यांना ऐकू येत नसे. मागून गाडी आली, कुणी हाक मारली, की काजळी त्यांच्या पायाला नाक लावी. तीच त्यांचे कान. तिच्यावाचून ते आत भेदरून बसत आणि पेला अर्धा टाकून उठत.

"बाई, हिला टेबलाखाली बसू द्या," ते विनवत.

"आज तुमची काजळी, आजोबा, उद्या अख्ख्या गल्लीची फौज!" मालकीणबाई हातवारे करून सांगत.

"माणसांनी धिंगाणा घातला तर चालतो," आतून कुणीतरी टोमणा मारी, "कुत्र्यानं शेपूट हलवली की नियम!"

एका दुपारी गाडीतून पिंपे उतरत होती. गाडीला तिरक्या टेकवलेल्या फळीवर पिंप ठेवले की हमाल त्याखाली पाचर सारी. त्या दिवशी काजळीला थोपटायला तो वाकला आणि पाचर विसरला. पिंप गडगडत थेट तिच्यावर आले. काजळीने हिसका दिला. मी धरून राहिले! दुसरा हिसका. तरीही धरलेलीच. मित्रांनो, आयुष्यात प्रथमच मला सुटावेसे वाटले, आणि सुटता येईना. तिसऱ्या हिसक्याला गंजलेले मूळ निखळले. पिंप रिकाम्या भिंतीवर आदळले.

मला फरफटत काजळी आत धावली, पाटीखालूनच, आणि घड्याळजींच्या टेबलाखाली शिरली. तिथेच नणंद तबक घेऊन उभी होती. तबकातले वाडगे किणकिणू लागले.

"वन्सं, बाहेर काढू का हिला?" मालकीणबाईंनी विचारले. "तुम्ही म्हणाल तसं."

नणंदेने खाली पाहिले. "वहिनी, ही तर माझ्याहून जास्त थरथरतेय. राहू दे. पण मोकळी नको. त्या खिडकीखाली बांधा, माझी जायची वाट सोडून."

आता मी आत, खिडकीखाली आहे. पाटीवर लिहिले आहे, 'कुत्रा आणायचा असेल तर आधी वाढणाऱ्या बाईंना विचारा.' कधी त्या हो म्हणतात, कधी नाही. कुणी वाद घालत नाही.

बाहेर पिंप गडगडले की अजून माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून सांगते, मित्रांनो, ज्याला बांधून ठेवाल त्याच्याकडे वळून पाहा; भित्र्याची भीती हसण्यावारी नेऊ नका; आणि कडीला आठवड्याला तेल लावा.

मला ते नणंदच लावते, काजळीपासून हातभर अंतर राखून. गेल्या आठवड्यात मात्र तिचे तेलकट बोट काजळीच्या कानाला लागले.

चुकून, म्हणे. दोनदा.