पहिल्या पानावरची आई

देवचंद गुरुजी वाचता वाचता थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसू लागले.

"का झालं, गुरुजी?" जमुनाबाईंनी विचारलं.

"काही नाही. पुढचं पान घेतो."

"काऊन? ह्या पानावर का लिवलं आहे?"

गुरुजींना खोटं बोलता येईना. "गोष्टीतल्या पोरीची माय मरते," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर."

पुस्तक जमुनाबाईंच्या लेकीचं, नीतूचं होतं. १९९९ साली लग्न होऊन ती धनेंद्रसोबत अमेरिकेला गेली. तिथे एका शाळेच्या वाचनालयात तिने नोकरी धरली आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी इंग्रजीत कादंबऱ्या लिहायला घेतल्या. पहिल्या दोन प्रकाशकांकडून परत आल्या. "माय, अजून नाहीच म्हणून राहिले," ती फोनवर सांगायची. "मंग आणखी लिव," जमुनाबाई म्हणायच्या. आमगावच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं पाहिलेल्या त्या बाईला उशिराचं नवल नव्हतं. तिसरी कादंबरी दहा वर्षांनी छापली गेली, आणि तिची एक प्रत पोस्टाने आमगावला आली. जमुनाबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या निवृत्त गुरुजींना बोलावलं होतं.

"राहू दे आता?" गुरुजींनी विचारलं.

"वाचा."

गुरुजी तीन आठवडे रोज दुपारी आले. एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. पुस्तकातली आई दवाखान्यातच कामाला होती. तिच्या हातांना फिनेलचा वास होता, आणि रागावली की ती बोलणंच बंद करायची. जमुनाबाई तांदूळ निवडत ऐकत राहिल्या. शेवटचं पान झालं तेव्हा त्यांनी गुरुजींना चहा दिला. पुढे दोन वर्षं नीतूचे फोन येत होते; त्यांनी विषय काढला नाही.

२०११च्या डिसेंबरात नीतू आली. मायलेकी अंगणात उन्हात बसल्या होत्या. जमुनाबाई शेंगा सोलत म्हणाल्या, "मले काऊन मारलंस?"

नीतूने हातातली शेंग खाली ठेवली. "गुरुजींनी वाचून दाखवलं?"

"पुरं."

नीतूने शेंग पुन्हा उचलली. मग म्हणाली, "माय जिती ठेवली, तं पोरगी घर सोडूनच जायेना. तीनदा लिवून पाहिलं. फाटकापर्यंत यायची आन् मांगं फिरायची."

"तू तं गेलीस."

"हो."

"मी जिती होती."

जमुनाबाईंनी सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले आणि दुसरी शेंग घेतली.

दोन दिवसांनी गावातल्या मुलींच्या शाळेत नीतूचा सत्कार होता. गुरुजींनी मुलींना कादंबरीची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. नारळ-शाल झाल्यावर हेडमास्तरीणबाईंनी मुलींना प्रश्न विचारायला सांगितलं. नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुमची आई तुम्ही लहान असतानाच वारली का?"

नीतूने माईक हातात घेतला. तिने आईकडे पाहिलं. मुली वाट पाहत राहिल्या.

तिसऱ्या रांगेत जमुनाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला आणि त्या सावकाश उठल्या. पदर सारखा केला. एकेक करून माना वळल्या. अगदी मागच्या ओळीतल्या मुलींनी उठून, टाचा उंचावून त्यांना नीट पाहीपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या.