हिकडं दुखतंय

इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात राहणारी माणसं बोलतात ती ओरडूनच. घरातलं भांडण चार गल्ल्यांना पाठ. पण एक शब्द तिथल्या बायकांच्या तोंडून कधी मोठ्यानं निघायचा नाही. छाती. छातीत कळ आली तरी बाई म्हणणार, पित्त उसळलंय.

हे निशाला कुणी सांगायला नको होतं. ती त्याच गल्लीतली, आरोग्य खात्याची आशाताई, सात वर्षं घरोघर फिरून चपला झिजवलेली. शेजारची यल्लव्वा मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मध्येच भिंतीला टेकते, घामानं चिंब होते, डावा हात चोळत बसते, हे ती महिनाभर बघत होती. प्रशिक्षणात हीच लक्षणं तिनं वहीत उतरवून घेतली होती. म्हणून हृदयरोगाचं शिबिर समाजमंदिरात आलं, तशी ती यल्लव्वाला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. काही करून तिचा ईसीजी निघायला हवा होता.

शिबिर कसलं, नुसती उरकाउरकी. एक टेबल, एक तरणा डॉक्टर, मागं ईसीजीचं मशीन, आणि आडोशाच्या नावानं शंख. रांगेत अख्खी गल्ली उभी; निशाचा थोरला दीर, यल्लव्वाच्या कारखान्याचा मुकादम, सगळे. ज्याच्या छातीत दुखतं त्याचाच ईसीजी काढा, असा वरचा हुकूम. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, छातीत दुखतं का?

यल्लव्वानं पदर ओढून घेतला. "न्हाय. पित्त हाय."

निशानं तोंड उघडलं. दीर बघत होता. मेला तो शब्दच बाहेर पडेना. "सर, अक्कास्नी... हिकडं दुखतंय," म्हणत तिनं हात हवेत कुठंतरी फिरवला. तो पोटाकडंच गेला असावा. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. उद्या अक्काला दवाखान्यात नेऊ, असं मनाला समजावत निशा बाजूला झाली. त्या उद्याचे तीन दिवस झाले, कारण शिबिराची माहिती मोबाईलवर भरून द्यायची होती. चौथ्या दिवशी यल्लव्वा कांड्यांच्या ढिगावर कोसळली, ती उठलीच नाही.

शिबिराचं मात्र नाव झालं. एवढ्या तपासण्या आणि संशयित बाई एकही नाही, म्हणून आरोग्य खात्याच्या साहेबांनी बैठकीत निशासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आग लागो त्या टाळ्यांना.

बारावं उरकल्यावर यल्लव्वाचा नवरा भाऊसो निशाच्या दारात आला. मलाबी दुखतंय, म्हणाला. ती त्याला तडक दवाखान्यात घेऊन गेली. शिबिराचाच डॉक्टर बसला होता. "छातीत दुखतंय, सायेब," भाऊसो दारातनंच गरजला. दहा मिनिटांत अंगाला वायरी लागल्या, ईसीजीची पट्टी निघाली. काळीज ठणठणीत होतं. जेवणाचे हाल आणि जागरण, त्यानं पित्त वाढलं होतं.

बाहेर बाकड्यावर भाऊसो ती पट्टी उलटीपालटी करून बघत बसला. "एवढंच असतंय व्हय, निशा?" तो म्हणाला. "मग तिचं का न्हाय काढलं?"

डॉक्टरचं नाव घ्यावं, हुकमाचं घ्यावं, असं निशाला फार वाटलं. घेतलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

"तिला बोलायची लाज वाटली, दाजी," ती म्हणाली. "आणि मलाबी."