जेंदेकाआजीची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. खरं म्हणजे मी बोलू नये. आम्ही क्वेकर पंथाचे लोक, डोळे मिटून गप्प बसणं हीच आमची प्रार्थना; त्या मौनात कुणाचं काय कळलं, ते बाहेर सांगायचं नाही, अशी आमच्या प्रार्थनाघराची रीत आहे. पण आता माझ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून सांगते.

टेकडीवरच्या सायप्रसच्या लाकडातून किसिया सुताराने मला घडवलं. माझा एक पाय त्याच्याकडून जरा आखूड झाला. म्हणून मला बायकांच्या बाजूला, भिंतीलगत ठेवलं, आणि मी जेंदेकाआजीची झाले. तिचं मन थाऱ्यावर नसलं की मी डुगडुगायचे. ते निवलं की मीही थांबायचे.

तिच्या नातीने, कागेहाने, एकदा विचारलं, "आजी, डोळे मिटून तुला काय दिसतं गं?"

"आधी आपलाच केर दिसतो. सकाळी दार उघडल्यावर घरातला दिसतो तसा. उजेड देवाचा, बाई. आपण नुसतं दार उघडायचं."

चार वर्षांपूर्वी प्रार्थनाघरात गाणी लावायला कर्णा आला. रविवारचं मौन बंद करून तो वेळ गाण्यांना द्यावा, असं सभेत निघालं. आमच्यात मतं मोजत नाहीत. एकाचंही मन तयार नसेल, तर निर्णय थांबतो. चिटणीस चंझूंनी हरकत विचारली. सगळे गप्प. त्यांनी वहीत 'एकमत' लिहिलं.

आजीही गप्प होती, पण मी डुगडुगत होते. मौन राहावं असं मनात येतंय, ते देवाचं सांगणं की आपलाच हट्ट, हे तिला अजून दिसत नव्हतं. दिसायच्या आत वही मिटली.

पुढच्या रविवारी तो ठराव वाचला जाताना ती उठली. "चंझू, माझं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता. मी वाट बघत होते."

आजीचा उजेड पायी येतो वाटतं, असं मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली. "पायीच येतो रे. पण येतो."

चंझूंनी 'एकमत'ची ओळ खोडली. गाणी आली, पण त्यांच्या आधी, सकाळी आठला, मौनही राहिलं. बसायला मात्र ती एकटीच यायची. कधी पावलं वाजली, की तिची मान दाराकडे वळायची आणि मी हलायचे. पावलं पुढे निघून जायची.

मंगळवारी आजी गेली. आज रविवार. आठ वाजले तेव्हा इथे मी एकटीच होते. मला डोळे मिटता येत नाहीत, तरी मी मौन पाळलं.

मग कागेहा आली. माझ्यावर बसली आणि रडली. मी इतकी डुगडुगले की भिंतीवर आपटले. बऱ्याच वेळाने तिने आजीसारखे डोळे मिटले आणि तिचा श्वास संथ झाला.

बाहेरून तिची आई हाक मारतेय, "कागेहा, ती खुर्ची आण गं, दुखवट्याला आलेले पाहुणे उभे आहेत."

न्या मला. कुणालाही बसवा. पण माझा पाय नीट करू नका, आणि पुढच्या रविवारी आठच्या आत मला इथे आणून ठेवा. पोरीने अजून डोळे उघडलेले नाहीत. आणि मी, बघा ना, आता जरासुद्धा डुग—

"कागेहा, खुर्ची!"