एका पायावर, डोळे मिटून

गुरुवारी संध्याकाळी धुतलेले मोजे ठेवायला मी ऋजुताच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. माझी नात पलंगावर पाय पसरून बसली होती. उजव्या घोट्याला माझ्याच टेन्स मशीनचे चार पॅड चिकटवलेले. शेजारी माझा जावई अनुप लॅपटॉप मांडीवर घेऊन विचारत होता, "आज दहापैकी किती?"

"दोन," ती म्हणाली. त्यानं दोन टाइप केले.

मी चाळीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, त्यातली पहिली सात ग्लासगोला. टेन्स म्हणजे मुठीत मावणारी डबी. त्वचेतून बारीक करंट सोडते, आणि तो चालू असेपर्यंत दुखणं कमी जाणवतं. नेटबॉल खेळताना ऋजुताचा घोटा मुरगळला, बाहेरचा लिगामेंट अर्धा फाटला, तेव्हा ती डबी मीच कपाटातून काढून दिली. पॅड कुठे लावायचे तेही मीच शिकवलं. दुखणं कमी असताना व्यायाम करून घे, म्हणून. बर्फ, शेक, करंट हे सगळे पाहुणे. घर चालवायचं ते व्यायामानंच. तिनं व्यायाम दोन दिवस केला आणि पुढे नुसती डबी राहिली, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

अनुपनं मला स्क्रीन दाखवली. त्याला त्याचा अभिमान होता. चार आठवड्यांचा दुखण्याचा आलेख, आठवरून दोनवर उतरलेला. दर सोमवारी तो क्लबच्या थेरपिस्टला, केटीला, ईमेलनं जायचा. तो वाचून केटीनं शनिवारच्या काउंटी ट्रायलला, म्हणजे इंग्लंडातल्या आमच्या जिल्हा संघाच्या निवड चाचणीला, होकार दिला होता. ही ट्रायल वर्षातून एकदाच असते, आणि ऋजुता दोन वर्षं तिची वाट बघत होती.

मी विचारलं, आकडा रोज मशीन लावल्यावरच घेता का. तो म्हणाला, हो, तेव्हाच ती एका जागी बसलेली सापडते.

जावयाला मी एरवी नुसत्या नावानं हाक मारते.

"अनुपराव, हा आकडा डबीचा आहे. पायाचा नाही."

"आई, तुमच्या वेळी डेटा नव्हता. ट्रेंड बघा ना."

"ट्रेंड बघितलाय मी. एकोणीसशे एकोणऐंशी साली."

तेव्हा एका फुटबॉल क्लबचा मॅनेजर त्याच्या खेळाडूला आमच्या हॉस्पिटलात घेऊन आला होता. हाच घोटा, हीच घाई. एकच दिवस खेळू दे, म्हणाला. सीनियरनं मला खूण केली आणि मी बर्फ लावला, करंट दिला, पट्टी आवळली. अर्ध्या तासात त्या माणसाचा घोटा मैदानावर कायमचा गेला. तीन वर्षांनी तो बसमध्ये भेटला, लंगडत. तुझे हात फार चांगले होते, म्हणाला. त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

मी ऋजुताला पॅड काढायला लावले आणि स्वयंपाकघरात नेलं. माझी लेक देवयानी पोळ्या लाटत होती.

"आजी, माझा पाय एकदम ओके आहे."

"मग उभी राहा त्याच्यावर. डोळे मीट."

आधी डावा. तीस सेकंद ती खांबासारखी उभी. मग उजवा. चार मोजायच्या आत घोटा थरथरला आणि ती ओट्याकडे कलंडली. देवयानीनं पिठाच्या हातांनीच तिला धरलं. पोळी तव्यावर करपली, कुणी उलटली नाही.

देवयानीच पहिली बोलली. हळूच म्हणाली, पट्टी बांधून, मशीन लावून जाऊ दे ना आई, एकच दिवस आहे. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडी तेच शब्द. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ऋजुता रडली नाही. "मशीन तूच दिलंस मला," ती म्हणाली. "तूच शिकवलंस."

हे खरं होतं. देऊन मी मोकळी झाले होते, चार आठवडे एकदाही तिला उभं करून पाहिलं नव्हतं. राग त्यामुळे कमी झाला नाही, वाढलाच. मी म्हटलं, केटीला शनिवारी तूच सांगायचंस. नाही सांगितलंस तर मी सांगेन, सगळ्यांसमोर.

शनिवारी मेडनहेड गावच्या क्रीडा संकुलात, ट्रायलच्या ठिकाणी, केटी हसत पुढे आली आणि दुखणं किती म्हणून विचारलं. ऋजुतानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर वळवली.

"दोन," ती इंग्रजीत म्हणाली. मग बुटांकडे बघत, "पण मशीन लावून."

केटीचा चेहरा उतरला. यादीतलं नाव तिनं स्वतःच खोडलं. मला म्हणाली, कागद वाचण्याऐवजी मी पाय बघायला हवा होता. मी म्हटलं, हो, बघायला हवा होता. मनाला लावून घेऊ नकोस, असं म्हणणं मला जमलं नाही.

घरी आल्यावर अनुप लॅपटॉप न उघडता बागेत गेला. ऋजुतानं बूट कोपऱ्यात भिरकावले, ओट्यापाशी आली आणि माझ्याकडे न बघता उजव्या पायावर उभी राहून डोळे मिटले.

मी घड्याळ पाहिलं. पाच सेकंद.

"परत," मी म्हणाले. माझा आवाज अजून रागातच होता, आणि तिचाही चेहरा.

सहा.