माझी पिन कोणी काढली?

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे. घाबरू नका. तुमच्या घरातल्या फ्रीजची मी लांबची बहीणच लागते. फरक एवढाच, की त्याच्यात भाजी ठेवतात आणि माझ्यात माणूस. कोणी वारलं आणि त्याचं कोणी लांबून यायचं असलं, की मला बोलावतात. तोवर त्याचं तोंड होतं तसं ठेवणं हे माझं काम.

हैदराबादेतल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्रा वाकवला, वर काच बसवली, पोटात कॉम्प्रेसर घातला. आदिलाबादच्या एका कॉलनीच्या मंडळानं मला आणलं तेव्हा नारळ फुटला, हार पडला. अध्यक्ष म्हणाले, "जास्तीत जास्त लोकांनी हिचा लाभ घ्यावा." टाळ्या वाजल्या. मग आपण कशाला टाळ्या वाजवल्या ते लोकांच्या लक्षात आलं आणि ते गुपचूप घरी गेले.

माझं कौतुकही झालं. एका लग्नात मंडळाच्या पोरांनी माझ्यात सरबताच्या बाटल्या लावल्या. असं गार सरबत जन्मात प्यायलो नाही, म्हणत पाहुणे दुसऱ्यांदा मागत होते. तेवढ्यात नवरदेवाच्या मामानं मला ओळखलं. त्यांचे वडील माझ्याकडं राहून गेले होते. पंगत अर्ध्यावर उठली.

माझी देखभाल चंपतकाका करायचे. ऑटोत घालून न्यायचे, लावून द्यायचे, परत आणून पुसायचे. फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नसत, थेट "कोनाच्या घरी?" विचारायचे. नातीच्या, म्हणजे दीक्षाच्या वाढदिवसाला केक कापतानाच फोन आला, तर तसेच उठून निघाले. मयताच्या घरी पोचले तेव्हा हातात सुरी होती. तिथं आधीच वाटणीवरून तणातणी चाललेली. सुरी पाहून दोन भाऊ मागच्या दारानं पळाले.

शेवटी त्यांची बायको, मनकर्णाकाकू भडकली. "मेलेल्यायची लय सेवा केली. आता जित्यायले घेऊन चला एक दिवस. बासरले, गोदावरीवर. दीक्षाले नावेत बसवू."

"अन् मंधातच कोनी मेलं तं?"

"मरन का तुमच्या फोनची वाट पाहून राह्यलं?"

तिनं फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात खुपसायचं ठरवलं. निघायच्या आदल्याच दिवशी शामराव वारले.

शामराव तहसिलातून रिटायर झालेले. त्यांच्या बैठकीत काकांनी मला लावलं, स्वतःच्या हातानं पिन बोर्डात घातली आणि त्यांच्या मुलाला, भार्गवला सांगितलं, "भाऊ, हे पिन हालू देऊ नका. बाकी माही काई कटकट नाही."

मुलगी अदिती कॅनडातून निघाली होती. फोनवर एकच म्हणाली होती, "आई, बाबांचं तोंड पाहिल्याशिवाय नेऊ नका." सुभद्राबाईंनी तिला शब्द दिला. तो शब्द माझ्या अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी काका बासरला गेले. मेचं ऊन. बाया माझ्याभोवती बसलेल्या. शेजारच्या बयनाबाईंनी शामरावांच्या नोकरीचा विषय काढला तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "यायची रजा म्हंजे रजा! साहेबाचा शिपाई दारात आला तरी आतून सोताच ओरडायचे, 'शामराव घरी नाहीत!'" डोळे पुसता पुसता सगळ्या हसल्या.

भार्गवनंही रजा घेतली होती. पण त्याच्या साहेबांनी मोबाईलवर हात जोडलेली चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, 'फक्त एक फाईल. तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.' हे वाचून पोराला एवढ्या दुःखातही जरा बरं वाटलं.

वायफाय फक्त बैठकीत यायचा. म्हणून तो माझ्या पायथ्याशी, पडद्यामागं लॅपटॉप घेऊन बसला. कानात फोनचे बोळे घातलेले. मधूनच त्याचा आवाज यायचा, "हो सर, काही झालं तरी आजच उरकतो." बयनाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आयकलं का वो? बहिनीची वाट पाह्यत नाही म्हंते पोरगा!"

मग लॅपटॉपची बॅटरी संपत आली. बोर्डात चालू जागा एकच. तिथली पिन कूलरची असेल असं त्याला वाटलं. त्यानं ती काढली आणि आपली घातली. कूलर दुसऱ्या बोर्डावर होता, तो चालूच राहिला. बंद पडले मी.

माझी गुणगुण थांबलेली त्याला ऐकू गेली नाही. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त घाम येतो. काचेवर आतून पाणी धरलं, तेव्हा सुभद्राबाई पदरानं बाहेरून पुसत बसल्या.

"पेटी काऊन चुप झाली वो?" बयनाबाईंनी विचारलं, आणि एकच धांदल उडाली. एकानं मला दोन लाथा मारल्या. त्याचा टीव्ही म्हणे तसाच चालू होतो. एकानं वाकून बोर्ड पाहिला. पिन आत होती, लाल दिवा लागलेला. "करंट तं हाये," तो म्हणाला. कोणी बर्फाचा गोळेवालाच हातगाडीसकट आणला. त्यानं सवयीनं विचारलं, "कोनता रंग?"

चंपतकाकांचा फोन बंद. ते बासरला गेल्याचं कोणीतरी सांगितलं.

"लोकायच्या घरी मयत, अन् हा नावेत बसून राह्यला!"

भार्गव पडद्याबाहेर आला. एका कानातला बोळा काढून म्हणाला, "कामाच्या माणसानं फोन बंद ठेवायचा म्हणजे काय? शोधा त्याला!" आणि बोळा घालून परत आत गेला.

ऊन कललं तेव्हा त्याची फाईल साहेबांना गेली. वायर गुंडाळायला तो वाकला आणि सतरंजीखाली त्याला माझी पिन दिसली. त्यानं पडद्याबाहेर डोकावून पाहिलं. मग त्यानं ती हळूच बोर्डात घातली. मी गुणगुणू लागले.

"चालू झाली!" म्हणत लोकांनी हात जोडले. पण त्या उन्हानं जे नेलं होतं, ते माझ्या थंडीनं परत येणार नव्हतं. सुभद्राबाईंनी काच उचलून पाहिलं होतं. त्यांनी शामरावांच्या तोंडावर धोतर घातलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं.

अदिती आली. बॅग दारातच सोडून धावत आली आणि तिनं धोतराला हात घातला. आईनं तो धरला.

"आई, तोंड..."

"पाय पाह्य, बाई. पाय चांगले हायेत."

अदितीनं पाय धरले. नेईपर्यंत तेच धरून बसली. भार्गव भिंतीला टेकून उभा होता. त्याचा लॅपटॉप पूर्ण भरलेला होता. त्यावर साहेबांचा मेसेज आला होता, 'थँक यू. उद्या तरी नीट सुट्टी घे.'

तो कोणाला काही बोलला नाही. मंडळानं मला खराब ठरवलं. आता मी ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. चंपतकाकांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. आता फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते मोरीतही नेतात. पुन्हा नावेत कधी बसायचं असं दीक्षा विचारते तेव्हा ते खिसा चाचपतात. कधी येऊन मला पुसतात आणि म्हणतात, "मी पिन बराबर लावली होती ना वं?"

मला सांगता येत नाही.

मित्रांनो, शिव्या ज्याचा फोन बंद होता त्याला बसल्या. पिन ज्याचा फोन चालू होता त्यानं काढली. तुम्ही मोठे व्हाल, रजा घ्याल, आणि तुमच्याशिवाय जमणार नाही असं कोणीतरी तुम्हालाही सांगेल. तेव्हा आपली पिन घालायला दुसऱ्याची काढण्याआधी जरा वाका, आणि ती वायर कोणापर्यंत जाते ते पाहून घ्या.