बिस्किटची उजवी बाजू

"अजून खाली हो गो, जमिनीत शिर," कुंपणापलीकडून गणराज म्हणाला. "मॅडमना कुत्रा दिसला पायजे, तू न्हाय."

गोदू ओल्या गवतात पालथी पडली होती. वय बावन्न, गुडघे कधीचेच गेलेले, हातात मालकिणीने दिलेला फोन. समोर बिस्किट बसला होता. तिने मुठीतला खोबऱ्याचा तुकडा फोनच्या वर धरला, त्याने कान टवकारले आणि तिने पटापट तीन फोटो काढले.

"तुज्या वाडीत बघ तू," ती कण्हत उठली. गणराज शेजारच्या बंगल्याचा माळी. त्याच्या मालकाला बागेचे फोटो लागत नसत, त्यामुळे त्याला दुसऱ्यांची चेष्टा करायला वेळ होता.

गोदू सहा वर्षं अलिबागजवळच्या सासवण्याचा हा बंगला राखत होती. मालकीण अमिषा मॅडम मुंबईला. त्यांना बागेची फार हौस, कुत्र्याची तर त्याहून जास्त, पण दोन्ही लांबूनच. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर लागतो. तो तास मॅडमना गेल्या वर्षात दोनदा मिळाला होता. म्हणून नियम असा, की रोज सकाळी आठच्या आत बागेचे दोन आणि बिस्किटचा एक फोटो मुंबईला गेला पाहिजे. फोटो गेला म्हणजे झाडांना पाणी मिळालं, कुत्रा जेवला आणि गोदू कामावर आहे.

पहिल्या महिन्यातल्या फोटोंत कुत्र्याची पाठ आणि गोदूचा अंगठा एवढंच यायचं. मग मॅडमनी फोनवरून शिकवलं. "आधी काच पुसा, गोदूताई. उभ्याने काढू नका, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या. ऊन बाजूने पाहिजे. झूम नको, तुम्हीच जवळ जा. आणि किडलेली पानं, घाण वगैरे फोटोत नको हां. माझी सगळी सकाळ खराब होते."

गोदू शिकली. जास्वंदीवर पाणी शिंपडून थेंबांसकट फोटो काढायला लागली. "गोदूताई, तुम्ही तर आर्टिस्ट," असं मॅडमनी लिहिलं, तेव्हा तो मेसेज तिने गणराजला दोनदा वाचून दाखवला. तिने आयुष्यभर भात लावला, लोकांची भांडी घासली, दोन माणसांची आजारपणं काढली. त्यातल्या एकाही कामाला कोणी छान म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी ती रोज गवतात लोळत होती, हे खरंच आहे. मॅडम तेच फोटो स्वतःच्या नावाने इंटरनेटवर टाकत, खाली 'फोनवर असा फोटो कसा काढाल' हे लिहीत, आणि हजारो लोक वाहवा करत. तेही गोदूला ठाऊक होतं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे.

दिवाळीनंतर बिस्किटच्या डाव्या मांडीवर लिंबाएवढी गाठ आली. गोदूने लगेच फोन केला. "चरबी असेल, लॅब्रेडॉरना होते," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती गाठ आली, तर उत्तर आलं, "ई, दुसरा पाठवा." तेव्हापासून गोदू त्याला उजव्या अंगावर ऊन घेऊन बसवायला लागली. गाठ आंब्याएवढी झाली, पण फोटोतला बिस्किट ठणठणीत होता.

फेब्रुवारीत त्याने खाणं सोडलं. गोदूने त्याला रिक्षात घालून अलिबागला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "फार उशीर केलात. मुंबईला न्या, ऑपरेशन या आठवड्यातच व्हायला हवं. मालकांना बोलवा, सही त्यांचीच लागेल."

तिने दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला.

"मॅडम, डाक्टर म्हंतात गाठ कापाया लागंल. तुमी या. ह्याच आठवड्यात."

"घाबरू नका, गोदूताई. मी आत्ताच आजचा फोटो बघितला ना. किती फ्रेश दिसतोय."

"त्यो उजव्या अंगाचा हाय, मॅडम."

"म्हणजे?"

"मी त्याला धरून नीट बसवते आन् मग काढते."

"तेच ना. आजारी कुत्रा असा बसतो का? तिथले डॉक्टर उगाच घाबरवतात. मी रविवारी येते, मग बघू."

गोदूने बिस्किटला परत रिक्षात घातलं. तीन महिने तिनेच रोज सकाळी आठच्या आत कुत्रा बरा असल्याचा पुरावा धाडला होता. आता त्या पुराव्यापुढे तिचं बोलणं खोटं ठरत होतं. संध्याकाळी तिने डाव्या बाजूचा फोटो काढून पाठवला. "प्लीज असे नको, मला बघवत नाही. रविवारी येतेय," असं उत्तर आलं.

रविवारी मॅडमकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी लग्न होतं. त्यानंतरच्या गुरुवारी भर दुपारी बिस्किट पडवीतच गेला. गणराजने न सांगता सुपारीखाली खड्डा खणला. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

मॅडम फोनवर खूप रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. सावरल्यावर म्हणाल्या, "न पाठवलेले जुने फोटो आहेत ना तुमच्याकडे? रोज एक पाठवत राहा. महिन्याच्या शेवटी माझा फोटोचा क्लास आहे, सगळे त्याच्यासाठीच येणार आहेत. तो झाला की मी सांगेन लोकांना."

गोदूने बारा दिवस मेलेल्या कुत्र्याचे फोटो पाठवले, तेही आठच्या आत. मॅडम रोज, सवयीने, 'सुंदर' असं लिहीत होत्या. गोदूला स्वतःची किळस आली, आणि तेराव्या दिवशी तिने फोन कपाटात टाकला.

क्लास झाल्यावर मॅडम आल्या, सोबत चार मैत्रिणी आणि बिस्किटचा भला मोठा फोटो. तो दिवाणखान्यात खिळ्यावर गोदूनेच लावला. ती चहा घेऊन आली तेव्हा सगळ्या त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"किती हेल्दी दिसतोय," नेत्रा नावाची मैत्रीण म्हणाली. "एकदम अचानक गेला?"

"हो ना. काही कळलंच नाही."

"फोटो कुणी काढला?"

"मीच," मॅडम म्हणाल्या.

"मी काढला," गोदू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तवा दोन दिस त्याच्या पोटात कायच न्हवतं. त्याला बसवत न्हवतं. मी मागनं धरून बसवला."

"गोदूताई, चहा गार होतोय," मॅडम म्हणाल्या.

गोदूने एकेकीच्या हातात कप दिला. मैत्रिणी पुन्हा फोटोकडे निरखून बघायला लागल्या. त्यात तसं काहीच दिसत नव्हतं.