दुसऱ्या दिवशीचा फोन

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एक नियम आहे, आणि तो मीच लावलाय. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी घरी फोन करायचाच. खाल्लं का, टाके चाटतंय का, हिंडतंय-फिरतंय का. डॉक्टरीणबाई हसतात, "कंपाउंडर, पोटच्या पोरांनाही कोणी इतकं विचारत नाही हो." नसेल विचारत. मी विचारतो.

सोमवारी माझ्या थोरल्या भावाचं पोटाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात. शुक्रवारी रजा काढून जायचं मी ठरवलं होतं. सोमवारीच संध्याकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, नीट पार पडलं. उद्या बोलतील हे तुमच्याशी." मी हुश्श केलं.

मंगळवारी मी सात फोन केले. एका बोक्याच्या मालकिणीशी तर वीस मिनिटं बोललो. बोका रुसून तोंड फिरवून बसला होता म्हणे. दादाला फोन करायचा राहिला. राहिला कसला, टाळलाच. दादाशी बोलायचं म्हणजे व्याख्यान ऐकायचं. सिगारेट सुटली का, वजन बघ जरा, घराला रंग कधी देणार? बोका असलं काही विचारत नाही. शिवाय वहिनी आहेत, नर्स आहेत, दादाला चांगलं तोंड आहे. लागलं तर तोच करेल, असं म्हणून मी मोकळा झालो.

बुधवारी सकाळी दादा गेला. रक्ताची गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोचलो तेव्हा वहिनी रिकाम्या कॉटवर बसून त्याचे कपडे पिशवीत भरत होत्या. रडून रडून आवाज बसला होता.

"काल मला फोनला हात लावू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमचा येईल म्हणून. नर्सला कौतुकानं सांगत होते, आमचा धाकटा मांजराचीसुद्धा दुसऱ्या दिवशी चौकशी करतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "वहिनी, मी..."

"मी म्हटलं, आपणच लावूया का? तर नको म्हणाले. कामात असेल तो. मुकी जनावरं ती, त्यांचं आधी बघू दे. मी काय, उद्या बोलेन."

त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. दादाने सांगितलं तेच त्यांनी खरं धरलं होतं.

मंगळवारी मी चार वाजताच मोकळा झालो होतो. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.